व्याह्यांचे मानकरी

मी दुसऱ्याच्या पिंपळाला पाणी घातलं. तेही तांब्याभर नव्हे, चांगलं बादलीभर. एवढीच माझी चूक. कुणी म्हणेल, यात चूक कसली, झाडाला पाणी घालणं हे पुण्याचं काम. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं, आणि मी नुसतं वाटू देऊन थांबलो नाही, तसं लिहून फोटोसकट ग्रुपवर टाकलं. त्यानंतर जे रामायण झालं ते समजायचं तर आधी माझे व्याही समजले पाहिजेत, आणि ते तर मला मुलीच्या लग्नाला इतकी वर्षं होऊनही पुरते समजलेले नाहीत. एवढं मात्र छातीवर हात ठेवून सांगतो, की हुंड्यात रविवार मागून घेणारा माणूस अख्ख्या भारतवर्षात हा एकच.

लग्नाची बैठक आमच्या घरी होती. मुलीचा बाप असल्यामुळे मी सकाळपासून घाम पुसत होतो, आणि माझे थोरले मेहुणे, ज्यांना असल्या बैठकांचा दांडगा अनुभव, ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. मी उगाच उदार होऊन काही कबूल करू लागलो तर गुडघा दाबायचा, असं आमचं ठरलं होतं. मुलाचे वडील चांदवडकडचे. उभी हयात कांद्याच्या मार्केटात लिलाव पुकारण्यात गेलेली, त्यामुळे आवाज असा की त्यांनी आमच्या हॉलमध्ये ‘जरा पाणी’ म्हटलं आणि शेजारच्या घरातून तांब्या आला. पोहे झाले, चहा झाला, मेहुण्यांनी घसा खाकरून देण्याघेण्याचा विषय काढला. व्याही म्हणाले, आम्हाला काही नको, सगळं हाय. पाव्हण्यांनी फक्त त्यांचे रविवार द्यावेत, सकाळचे. सगळे हसले. मीही हसलो, आणि गुडघा दाबला जायच्या आत म्हणून गेलो, की रविवार काय, आठवडाच तुमचा. स्वयंपाकघराच्या दारात बायकोने डोळ्यांना पदर लावला, इतकी निर्मळ माणसं मिळाली म्हणून. मेहुणे मात्र हसले नव्हते. जिना उतरताना ते एवढंच म्हणाले, की गोणीवर नुसता हात ठेवून आत सडका कांदा किती हे सांगणारा माणूस आहे, जपून राहा.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी, पोरीला पाठवून आमचे डोळे धड सुकलेही नव्हते, तेव्हा उजाडता उजाडता खालून हाक आली. “पाव्हणं, चला.” आमच्या बिल्डिंगमध्ये त्या दिवशी ज्यांच्या ज्यांच्याकडे पाहुणे मुक्कामाला होते ते सगळे खिडकीत आले. खाली स्कूटरवर व्याही, पायाशी घमेलं, घमेल्यात दोन खुरपी. मला वाटलं त्यांच्याकडे काही पूजा असेल, म्हणून मी इस्त्रीचा झब्बा घालून उतरलो. त्या झब्ब्याचा मूळ रंग कोणता होता हे आता लग्नाच्या अल्बमवरूनच सांगता येतं. रविवारी सकाळी माणसाने तर्रीदार मिसळ खावी, वर ताक प्यावं आणि दुपारपर्यंत आडवं व्हावं, अशी माझी नाशिककर म्हणून साधी श्रद्धा होती. त्या सकाळी अकरा वाजता मी गाजरगवताच्या ढिगावर बसून शिंकत होतो, आणि व्याही मला समजावत होते की पहिले सहा महिने असं होतंच.

त्यांच्या कॉलनीत, पाथर्डी फाट्याच्या अलीकडे, ही बाग. बाग म्हणायचं ते गेटवरच्या पाटीमुळे. आत कमरेएवढं गाजरगवत, एक घसरगुंडी जिच्यावरून घसरलेल्या मुलाला थेट धनुर्वाताच्या इंजेक्शनला न्यावं लागलं असतं, आणि एक बाक, ज्याची बसायची फळी गेली होती पण देणगीदाराचं नाव शाबूत होतं. शेजारच्या मंगल कार्यालयाच्या पत्रावळी वाऱ्याने आत यायच्या आणि त्यांच्यामागे शेळ्या. कॉलनीतली माणसं या बागेबद्दल फार हळहळायची. हळहळायला लोक रोज संध्याकाळी गेटापाशी जमायचे, असंही व्याही सांगतात. पण खुरपं घेऊन आत यायला कुणी तयार नव्हतं. श्रमदानाचे फलक लावून झाले होते, स्वच्छतेची शपथ घेऊन झाली होती. पहिल्या श्रमदानाला फोटोग्राफर धरून पाचजण आले, दुसऱ्याला एकटा फोटोग्राफर आला.

तेव्हा व्याह्यांनी जे केलं ते फक्त जत्रेच्या गावचा माणूस करू शकतो. त्यांच्या गावाकडे जत्रेत कुणाचा काय मान हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पालखीला पहिला खांदा या घराचा, वाजंत्र्यांना पहिला विडा त्या घराचा. मुंबईला मोठ्या हुद्द्यावर असलेला माणूस सहा तासांचा प्रवास करून येतो, कशाला, तर नारळ फोडायला. आपण नाही गेलो तर तो भाऊबंद फोडेल या धास्तीने. व्याही म्हणतात, “श्रमदान म्हटलं की माणूस कंबर धरतो, पाव्हणं. मान म्हटला की तीच कंबर ताठ होती.” म्हणून त्यांनी बागेतली कामं वाटलीच नाहीत, मान वाटले. बहाव्याला रविवारचं पहिलं पाणी हा मान बँकेतून निवृत्त झालेल्या जोशीकाकांचा. पाचोळ्याच्या खताचा खड्डा उलटायचा मान कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा. ज्या डॉक्टरांनी घरात कधी चहाचा कप उचलून ठेवला नव्हता, ते एकदा तिरुपतीच्या रांगेत उभे असताना त्यांना कुणीतरी कळवलं की तुमचा खड्डा आज दुसऱ्याने उलटला. त्यांनी रांगेतून फोन करून असा काही आवाज लावला, की पुढच्या-मागच्या भाविकांना वाटलं घरी दरोडा पडला.

आणि मानाखेरीजची जी फुटकळ कामं, त्यांचा व्याही लिलाव पुकारत. रविवारी सकाळी घसरगुंडीच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहायचे आणि सुरू. करंजाखालचं गवत, एक माणूस, एक माणूस, दोन झाले का, लांबून दिसतंय तेवढं सोपं नाय, दोन झाले, तिसरं कोण. हात वर करायचा नाही असं ठरवून आलेल्या माणसाचाही हात त्या आवाजापुढे वर जायचा. मी एकदा डास मारला आणि दोन ट्रॅक्टर मातीचा धनी झालो.

अशा माणसाबरोबर चारचौघांत जाणं सोपं नव्हे. लग्नाला गेले की अक्षता टाकल्या-टाकल्या यांचं लक्ष स्टेजच्या फुलांकडे, उद्या ही कुठे टाकणार म्हणून. कुणाशी ओळख करून दिली की हात मिळवताना हळूच उताणा करून तळवा बघणार, आणि मग माझ्या कानात, म्हणजे हॉलभर ऐकू जाईल असं, “हात नवाकोरा हाय, पण मनगट चांगलंय.” एका मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला तर यांनी शाल-श्रीफळ नको, शेणखत द्या असं कळवलं. मंडळाला वाटलं विनोद. यांनी पुन्हा कळवलं. शेवटी प्रमुख पाहुण्यांनी चकचकीत कागदात गुंडाळलेली खताची गोणी स्टेजवर यांच्या हाती दिली, टाळ्या झाल्या, आणि पहिल्या रांगेने उरलेला कार्यक्रम नाकाला रुमाल लावून ऐकला. परतताना ती गोणी स्कूटरवर आमच्या दोघांच्या मध्ये होती. मी सत्काराला सफारी घातली होती.

बागेतल्या मानांत माझा नंबर कुठे, असं मी एकदा विचारून पाहिलं. व्याही म्हणाले, मुलीच्या बापाला आणखी कसला मान हवा. खरी गोष्ट अशी की माझ्या हाती काही सोपवायची त्यांना भीती वाटायची. पहिल्या पावसाळ्यात मी तण समजून ताम्हणाची रोपं एका रांगेत उपटली होती. रांगेत तण उगवत नाही एवढी अक्कल मला असायला हवी होती, असं त्यांनी म्हटलं नाही. ते फक्त रोपांकडे बघत राहिले आणि म्हणाले, उपटलीत मात्र सफाईनं, मुळासकट.

स्वतःसाठी त्यांनी एकच मान ठेवला होता, गेट उघडायचा. कुणी यायच्या आत, तांबडं फुटताना ते यायचे. किल्ली खिशात ठेवली तर हरवेल म्हणून कमरेच्या करदोड्याला घट्ट बांधलेली. त्यामुळे गेट उघडायचं म्हणजे सदरा वर करायचा, पोट आत ओढायचं आणि कुलपाला अगदी बिलगायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा गेटाला मिठी मारतोय. तसं ते फार खोटंही नव्हतं.

आता पगारे मॅडम. बागेसमोरच्या घरात राहतात. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या, पण आवाजातून नाही. आजही त्यांनी ‘कोण बोलतंय तिकडे’ म्हटलं की रस्त्यावरची भाजीवालीसुद्धा गप्प होते. व्याही त्यांच्याकडे पहिल्यांदा मान घेऊन गेले तेव्हा मीही होतो. त्यांनी आम्हाला बसवलं, सरबत दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाल्या, “आमच्या आजोबांनाही गावात मान होता. जत्रेत मशाल धरून सगळ्यांच्या पुढे चालायचं, आणि देऊळ आलं की पायरीच्या खाली थांबायचं. तो मान टाकून आम्ही शहरात आलो. आता तुमचा कशाला घेऊ?” व्याह्यांनी हातातला पेला खाली ठेवला. ते म्हणाले, मॅडम, मग मी देत नाय. तुम्हीच बघा बागेत येऊन, आणि काय पाहिजे ते निवडा. मॅडम आल्या, बाग फिरल्या आणि त्यांनी निवडलं ते बागेतलंही नव्हतं. कुंपणाच्या भिंतीच्या फटीत एक वीतभर पिंपळ उगवला होता. भिंत पाडेल म्हणून लोक त्याला उपटायला निघाले होते. मॅडमनी तो फटीतून मुळासकट अलगद सोडवून घेतला, पूर्वेच्या कोपऱ्यात लावला आणि जगवला. त्यांच्या मागोमाग त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी आल्या, शेजारच्या गल्लीतल्या बायका आल्या, आणि बघता बघता बागेतली निम्मी माणसं मॅडमची झाली. दर वैशाखी पौर्णिमेला सकाळी मॅडम पांढरी साडी नेसून घरच्यांसकट यायच्या, पिंपळाला पाणी घालायच्या आणि मग सगळे लेणीच्या पायथ्याशी बुद्धवंदनेला जायचे. हे मला माहीत होतं का? होतं. निदान दिसत तरी होतं. पण मला दिसणं आणि कळणं यांत नेहमीच बरंच अंतर राहिलं आहे.

त्या पौर्णिमेला आमच्याकडे पहाटे वीज गेली, पंखा बंद पडला, आणि आयुष्यात प्रथमच मी वेळेआधी बागेत पोहोचलो. व्याही गेट उघडून नळाकडे गेले होते. पिंपळाचं आळं आदल्या संध्याकाळी कुणीतरी नीट सारखं केलं होतं, भोवती झाडून घेतलं होतं. कुठेही तयारी करून ठेवलेली दिसली की ती आपल्यासाठीच असणार असं वाटायची माझी जुनी सवय आहे. मी बादली ओतली. मग झाडाशेजारी उभं राहून स्वतःचा फोटो काढला आणि बागेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला: ‘आजचं पहिलं पाणी माझ्या हस्ते. पुण्य पदरात.’ मान वर केली तर गेटात पगारे मॅडम, पांढऱ्या साडीत, हातात भरलेला तांब्या, मागे घरची सगळी. मी त्यांना हात हलवून ‘या, या’ केलं. जणू बाग माझ्या वडिलांची. मॅडमनी ओल्या मातीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, आणि भरला तांब्या घेऊन त्या परत फिरल्या. संध्याकाळी ग्रुपवर ओळ उमटली, पगारे मॅडम यांनी ग्रुप सोडला. त्यानंतर स्टेशनात गाडी लागल्यावर माणसं उतरतात तसे एकामागून एक लोक उतरत गेले.

पुढच्या रविवारी घसरगुंडीवर चढून व्याह्यांनी पुकारा केला तो जोशीकाका, डॉक्टर आणि मी अशा तिघांपुढे. वैशाखाचं ऊन, बागेतल्या नळाला करंगळीएवढी धार. पिंपात पाणी साठवायचं आणि माणसांची साखळी करून बादल्या झाडांपर्यंत न्यायच्या, अशी तिथली रीत. साखळीच तुटली. लावलेली बरीचशी झाडं दोन-तीन उन्हाळ्यांची पोरं, आठवडाभर पाणी चुकलं की मान टाकणारी. तेव्हा व्याह्यांनी रोज पहाटे एकट्याने बादल्या वाहायला सुरुवात केली. आणि ही गोष्ट साधी नव्हती, कारण त्याआधीच्या दिवाळीत त्यांच्या हृदयात स्टेंट बसला होता. वजन उचलायचं नाही, घटकाभर काम केलं की घटकाभर बसायचं, असं हॉस्पिटलात बजावलेलं. बसणं या क्रियेचा आणि त्यांचा संबंध एकट्या स्कूटरपुरता. एका सकाळी मुलीचा फोन आला. सासरे बागेत चक्कर येऊन बाकाचा आधार घेऊन उभे होते, तेही दुधवाल्याने पाहिलं म्हणून कळलं. घरी विचारलं तर म्हणतात, ऊन बघत उभा व्हतो. मग पोरगी म्हणाली, “बाबा, ते ऐकणार नाहीत. तुम्ही जे करून ठेवलंय ते तुम्हीच निस्तरा.”

मी निस्तरायला गेलो. माफी कशी मागावी हे माणसाला कुठे शिकवत नाहीत; मी आपला सत्काराचं सामान घेऊन गेलो, शाल आणि नारळ. मॅडमनी दार उघडलं, पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, या उन्हात शाल कुणाला? मी घाईघाईने म्हणालो, की चूक झाली, पण शेवटी पाणीच घातलं, झाडाचं काही वाईट तर झालं नाही. हे वाक्य मी वाटेत चांगलं घोटून आणलं होतं. मॅडम म्हणाल्या, “झाडाला कुणाचंही पाणी चालतं. मलाही चालतं. पण इतकी वर्षं मी त्या झाडाशी तुमच्या डोळ्यांदेखत उभी असते, आणि तुम्हाला ते झाड रिकामं दिसलं.” नारळ मी परत घेऊन आलो. त्याची चटणी बायकोने केली, पण मला वाढली नाही.

ही हकीगत मी व्याह्यांना सांगितली. ‘रिकामं दिसलं’ हे ऐकल्यावर त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाले, चला. आम्ही दोघे मॅडमच्या दारात. मला वाटलं आता ते पुकाऱ्याचा आवाज लावतील, पण असा बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. “मॅडम, कात्री हाय का?” मॅडमनी आश्चर्याने कात्री आणून दिली. व्याही भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, सदरा वर केला आणि कमरेशी काहीतरी खटपट करू लागले. मॅडम माझ्याकडे बघू लागल्या, मी छताकडे. करदोड्यासोबत नाडीही कापून बसल्याने, पायजमा एका हाताने सावरत ते वळले तेव्हा दुसऱ्या हातात गेटाची किल्ली होती.

“मान मी वाटत व्हतो,” ते म्हणाले. “कोणाला कोणता, ते मी ठरवत व्हतो. वाटणारा मोठा होऊन बसतो, हे माझ्या ध्यानात आलं नाय. आता वाटायचं काम तुमचं.”

मॅडमनी किल्ली लगेच घेतली नाही. तुम्ही असताना मी कशाला, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. व्याही म्हणाले, घ्या मॅडम, हात भरून आलाय, एका हातानं किती वेळ धरू. तेव्हा त्या हसल्या, आणि किल्ली घेताना दुसऱ्या हाताने त्यांना आधी खुर्ची पुढे केली.

पुढच्या रविवारी साखळी पुन्हा जुळली. घसरगुंडीच्या पायरीवर मॅडम उभ्या राहिल्या नाहीत. खालूनच बोलल्या आणि शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं. त्यांनी पहिली गोष्ट केली ती सगळे मान रद्द केले. वर्गात फळा पुसायला जसे मुलांचे वार लावतात तसे सगळ्या झाडांना सगळ्यांचे वार लावले. जोशीकाका कुरकुरले, डॉक्टरांनी खड्ड्यासाठी थोडा युक्तिवाद करून पाहिला, पण मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि खड्डा सार्वजनिक झाला. गंमत म्हणजे माणसं गळली नाहीत. मानासाठी येणारे आता मॅडम हजेरीला काय म्हणतील म्हणून येऊ लागले. वार पिंपळालाही लागले, आणि त्यात पहिलं नाव माझं. मी तांब्याने पाणी घातलं. निम्मं माझ्याच चपलेवर पडलं.

झाडं तगली. एक बकुळ तेवढी गेली. तिच्या जागी व्याह्यांनी दुसरी आणली. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष झाडांपेक्षा गेटाकडे असतं. व्याह्यांची तांबडं फुटताना यायची सवय काही सुटली नाही. ते येतात आणि कुलूपबंद गेटाबाहेर, भिंतीलगतच्या कट्ट्यावर बसतात. आता मीही रोज पहाटे जाऊन त्यांच्या शेजारी टेकतो. हात मधूनच सवयीने कमरेपाशी जातो, चाचपतो, आणि काही नसल्याचं आठवून गुडघ्यावर येऊन पडतो. आत पाखरांचा गलका चाललेला असतो. डोळे मिटून, नाकाने वास घेत ते मला सांगतात, आज करंज फुललाय, काल पूर्वेकडच्या कोपऱ्यात कोणी पाणी जास्त घातलंय. ज्या माणसाने ही बाग गवतातून वर काढली तो असा परक्यासारखा दाराबाहेर बसलेला पाहून मला दर वेळी गलबलतं. मी एकदा सुचवलंही, की एक जादा किल्ली करून घेऊ, मॅडम काही नाही म्हणायच्या नाहीत. व्याही म्हणाले, “दिलं ते पुरतं द्यायचं, पाव्हणं. आपल्याकडं एक ठेवून दुसऱ्याला दिलं, त्याला देणं नाय म्हणत.”

पण मॅडम उशीर करायच्या. थोडाथोडका नाही, चांगलं ऊन भिंतीवर चढेपर्यंत. शेवटी एका रविवारी मला राहवलं नाही. व्याह्यांना कट्ट्यावर सोडून मी तावातावाने रस्ता ओलांडला, मनात वाक्यं जुळवत. मॅडम व्हरांड्यात होत्या. आंघोळ झालेली, चहा झालेला, चपला पायात, किल्ली हातात, आणि नजर समोरच्या कट्ट्यावर. मी म्हणालो, मॅडम, ते म्हातारं माणूस, तुम्ही तयार होऊनही त्यांना ताटकळत ठेवता, हे काही बरं नव्हे.

मॅडमनी माझ्याकडे बघितलंही नाही. समोर व्याही भिंतीला पाठ टेकून, पाय लांब सोडून, डोळे मिटून बसले होते. मी त्यांना इतकं सैल, इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं. मला वाटतं त्यांच्या घरच्यांनीही नसेल.

“आत गेले की ते खाली टेकत नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “तेवढं बसणं व्हावं म्हणून थांबते. तुम्ही का बसता तिथे रोज? तुम्हाला काय झालंय?”